दगडाचा टाइमस्टॅम्प: चिकणमाती, अभ्रक आणि गडचिरोलीचे १६२ कोटी

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे ना' गाळलेत, मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्याही गाळल्यात. बाकी बरंचसं जसं बोललो तसंच आहे. आकडे मात्र नीट लिहून काढलेत, कारण या भागात कोटींचा पाऊस आहे आणि नुसतं ऐकून गोंधळ होतो.

तर आजचा प्रश्न. गाळाचा एखादा खडक जमिनीत खोल गाडला गेला, तिथे थोडा तापला, त्याचं रूप किंचित बदललं आणि मग कधीतरी तो पुन्हा वर आला. तो तापला नेमका कधी, हे आज कसं कळणार?

फोनमधल्या फाइलचा विचार करा. एका फाइलला किमान दोन वेळा असतात: 'क्रिएटेड' आणि 'मॉडिफाइड'. खडकाचंही तसंच. गाळ साचला ती पहिली वेळ, गाडला जाऊन तापला ती दुसरी. आणि एक तिसरी भानगड असते. कोणीतरी पाठवलेला जुना फोटो तुमच्या फोनमध्ये आज येतो, पण आत डोकावलं तर तारीख दहा वर्षांपूर्वीची दिसते. खडकातही असे आधीच्या तारखा घेऊन आलेले कण असतात. गाळाच्या खडकाचं वय काढणं म्हणजे या तीन तारखा एकमेकींपासून सोडवणं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, बी.टेक. करताना भूगर्भशास्त्राचा एक तासही बसलो नाही. पण हे वाचायला लागल्यावर वाटलं की अरे, हे तर आपलं रोजचं डीबगिंग आहे! लॉग आहे, पण त्यातली तारीख कोणत्या घटनेची ते लॉग सांगत नाही.

मी राहतो कसबा पेठेत. आमच्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. दख्खनच्या लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं वय काढणं तुलनेने सरळ. लाव्हा थिजला तेव्हा त्यातली घड्याळं सुरू झाली, आज वाचायची, झालं. आता मुठेचा गाळ घ्या. तो आला कुठून? याच सह्याद्रीच्या लाव्हातून झिजून. समजा हा गाळ उद्या दगड झाला आणि त्यातला एखादा न बदललेला कण उचलून वय काढलं, तर उत्तर येईल ६.६ कोटी. दगड कालचा आणि वय ६.६ कोटी! गाळाच्या खडकातला बहुतेक माल असा सेकंडहँड असतो. म्हणून आपल्याला असं खनिज हवं, जे त्या खडकाच्या आतच जन्मलं. इथे चिकणमाती कामाला येते.

चिकणमाती म्हणजे नुसता चिखल नाही. ती खनिजांचीच एक जात आहे, पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेली. आमच्याच पेठेतल्या कुंभारवाड्यात तिचा अर्धा धडा फुकट शिकायला मिळतो. कच्चं मडकं वाळवून पाण्यात टाकलं तर पुन्हा चिखल होतो. भाजलेलं मडकं फुटेल, पण परत माती होणार नाही. उष्णतेने आतली रचनाच बदललेली असते. कुंभाराची भट्टी हे काम कित्येक शे अंश तापमानात काही तासांत करते. जमिनीच्या पोटातली भट्टी मंद असते, शंभर, दोनशे, फार तर तीनशे अंश सेल्सिअस, पण तिच्याकडे लाखो-कोट्यवधी वर्षं असतात. या मंद भट्टीतल्या बदलाला सौम्य रूपांतरण म्हणू. संगमरवर होण्याइतकं मोठं रूपांतरण नाही. बाहेरून बघाल तर दगड जवळपास तसाच, आतली माती तेवढी बदललेली.

काय बदलतं? आपली काळी माती आठवा, कापसाची. उन्हाळ्यात हिला वीतभर रुंद भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चपलेला किलोभर चिकटते. हे काम स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचं. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी सहज शिरतं आणि सहज निघतं. असा गाळ खोल गाडला गेला, तापमान साठ-सत्तर अंशांच्या पुढे सरकायला लागलं आणि आजूबाजूला पोटॅशियम असेल, तर पापुद्र्यांमधलं पाणी जातं आणि त्या जागी पोटॅशियम जाऊन बसतं. मग पापुद्रे घट्ट होतात आणि फुगणं बंद. या नव्या खनिजाचं नाव इलाइट. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यावरून १९३७ मध्ये हे नाव ठेवलं गेलं. रचनेने इलाइट अभ्रकाचा धाकटा भाऊ. अभ्रक म्हणजे तोच चकचकीत पापुद्रा, जुनी इस्त्री उघडलीत तर तारेभोवती दिसतो. तापमान वाढत गेलं तर इलाइट अधिकाधिक अभ्रकासारखा होत जातो.

जाता जाता एक सांगतो. स्मेक्टाइटचा इलाइट व्हायला लागतं ते तापमान आणि गाळातून खनिज तेल तयार व्हायला लागतं ते तापमान बरंचसं एकच आहे. त्यामुळे या चिकणमातीत तेल कंपन्यांनी भरपूर पैसा आणि डोकी घातली. त्यातली बरीचशी तंत्रं तिथून आली. मातीच्या प्रेमापोटी एवढी यंत्रं कोणी घेतली नसती, असं माझं मत.

'किती तापला' हे कळायला एक साधी युक्ती आहे. मातीचे बारीक कण काचेवर पसरायचे आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. इलाइटची रचना जितकी शिस्तीत, तितकं आलेखातलं शिखर अरुंद. बर्नार्ड क्यूबलर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या शिखराची रुंदीच मापक म्हणून वापरायला सुरुवात केली. रुंदी ०.४२ अंशांपेक्षा जास्त असेल तर खडक अजून नुसता गाडलेला गाळ. ०.४२ ते ०.२५ च्या मध्ये असेल तर सौम्य रूपांतरणाचा उंबरठा, ढोबळमानाने दोनशे ते तीनशे अंश. ०.२५ च्या खाली गेला की खरा रूपांतरित. (हे अंश तापमानाचे नाहीत, क्ष-किरणांच्या कोनाचे आहेत.) म्हणजे एका आलेखावरून ताप किती चढला होता ते कळलं. कधी चढला, ते राहिलंच.

'कधी' साठी पोटॅशियम. निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा, दर दहा हजार अणूंमागे जेमतेम एक, पोटॅशियम-४० असतो. हा किरणोत्सारी आहे. १२५ कोटी वर्षांत निम्मा संपतो. त्यातला बराचसा कॅल्शियम होतो, पण साधारण दहा-अकरा टक्के आर्गॉन-४० होतो. आर्गॉन म्हणजे निष्क्रिय वायू, कोणाशी मैत्री नाही, भांडण नाही. तो स्फटिकात नुसता अडकून बसतो. इलाइट किंवा अभ्रक तयार होताना पोटॅशियम आत गेलं, आर्गॉन जवळजवळ शून्य होता. आज पोटॅशियम किती आणि आर्गॉन किती ते मोजलं की वय निघतं. हे झालं पुस्तकातलं.

व्यवहारात काय होतं? शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या दगडाचा एक तुकडा घेतला आणि सरळ मोजला. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: डोंगरातून वाहून आलेलं जुनं अभ्रक आणि खडक तापताना आतच वाढलेला नवा इलाइट. समजा जुनं अभ्रक १०० कोटी वर्षांचं आहे आणि नवा इलाइट ५० कोटींचा. यंत्र तुम्हाला ७० म्हणेल, ८५ म्हणेल, मिश्रणाचं जे प्रमाण असेल त्याप्रमाणे. आणि दशांश चिन्हापर्यंत अचूक म्हणेल! पण ७० कोटी वर्षांपूर्वी तिथे काहीही घडलेलं नाही. वडील साठ, मुलगी तीस, सरासरी पंचेचाळीस, म्हणून घरात पंचेचाळीस वर्षांचा माणूस शोधायला निघाल्यासारखं आहे हे. मला विचाराल तर सगळ्यात धोकादायक आकडा चुकीचा नसतो, बरोबर मोजलेला पण निरर्थक असा असतो.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. वाहून आलेले जुने कण सहसा जाड असतात आणि आत वाढलेला नवा इलाइट बारीक. मग खडक हळुवार फोडायचा. पूड करायची नाही, नाहीतर जाड कणही बारीक होऊन मिसळतील. पाण्यात ढवळून स्थिर ठेवायचं. जाड कण आधी बसतात, बारीक तरंगत राहतात. अगदी बारीक वेगळे करायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे ताक घुसळल्यासारखं गरगर फिरवणारं यंत्र. इथे सगळा खेळ दोन मायक्रॉनच्या खाली चालतो. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन, त्यावरून अंदाज घ्या.

असे तीन-चार ढीग झाले की प्रत्येकाचं वय काढायचं, आणि प्रत्येकात जुन्या अभ्रकाचा वाटा किती ते क्ष-किरणांनी मोजायचं. जुन्याची आणि नव्याची पापुद्रे रचण्याची पद्धत सहसा वेगळी असते, म्हणून हे जमतं. वरच्याच उदाहरणात, ज्या ढिगात ८० टक्के जुनं, त्याचं वय येईल साधारण ९० कोटी. ज्यात २० टक्के, त्याचं साधारण ६०. हे बिंदू आलेखावर मांडून रेघ ओढायची आणि 'जुनं शून्य टक्के' इथपर्यंत लांबवायची. ५० कोटींवर जाऊन टेकेल. शंभर टक्के शुद्ध नवा इलाइट हातात कधीच आला नाही, तरी त्याचं वय मिळालं. (गणितवाल्यांसाठी: रेघ खरं तर वयाची नाही, आर्गॉन-पोटॅशियम गुणोत्तराची ओढायची. ढोबळ आकडे तेच येतात.)

एक अडचण उरते. दोन-अडीचशे अंशांचा ताप जाड अभ्रकातला जुना आर्गॉन पूर्ण बाहेर काढायला पुरत नाही, पण थोडाफार गळवू शकतो. म्हणजे घड्याळ ना नीट चालू, ना नीट शून्यावर. अशा वेळी एकच आकडा देणारी पद्धत आंधळी पडते, आणि आर्गॉन-आर्गॉन पद्धत लागते. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात. त्यातल्या थोड्या पोटॅशियमचा आर्गॉन-३९ होतो. मग तो नमुना एकदम न वितळवता पायरीपायरीने तापवायचा आणि प्रत्येक पायरीला बाहेर येणाऱ्या आर्गॉनवरून वय काढायचं. सगळ्या पायऱ्यांवर एकच वय आलं, आलेखात सपाट पठार दिसलं, तर घड्याळावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सुरुवातीच्या पायऱ्या लहान वय सांगत असतील आणि पुढे वय चढत गेलं, तर कडेचा आर्गॉन कधीतरी गळालाय. काही पायऱ्या अवाच्या सवा जास्त बोलत असतील, तर आत कोणाचातरी जुना आर्गॉन बसलाय. म्हणजे इथे आकड्याइतकाच आलेखाचा आकारही बोलतो.

आपल्याकडे यासाठीची राष्ट्रीय सुविधा पवईला आयआयटी मुंबईत आहे, आणि तिथले नमुने न्यूट्रॉन खायला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या भट्टीत गेलेले आहेत. चिकणमातीच्या बाबतीत यातही एक खोडी आहे. न्यूट्रॉनचा धक्का बसला की नवा आर्गॉन-३९ चा अणू साधारण एक दशांश मायक्रॉन उडी मारतो. मोठ्या स्फटिकात याने काही बिघडत नाही. पण इलाइटचा कणच त्याहून पातळ असू शकतो, मग अणू थेट बाहेर! आर्गॉन-३९ कमी भरला की वय उगाच जास्त येतं. म्हणून नमुना निर्वात केलेल्या क्वार्ट्झच्या इवल्याशा नळीत बंद करून भट्टीत घालतात. पळालेला आर्गॉन नळीतच राहतो, नळी फोडून तोही मोजायचा.

आता घरचा किस्सा, ज्याच्यासाठी हा भाग केला.

महाराष्ट्र म्हणजे बेसाल्ट, हे पुण्या-नाशकात बसून म्हणणं सोपं आहे. विदर्भाच्या पूर्व कडेला लाव्हा संपतो आणि प्रचंड जुने गाळाचे खडक उघडे पडतात. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना, चंद्रपूर-यवतमाळकडे आणि पलीकडे आदिलाबादला, चुनखडक आहेत. कोरपना तालुक्यातले सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात. आणखी खाली, गोदावरी-इंद्रावतीच्या संगमाच्या परिसरात, जिथे गडचिरोलीचा सिरोंचा तालुका तेलंगणा आणि छत्तीसगडला भिडतो, तिथे सोमनपल्ली गटाचे खडक आहेत. सिरोंचा म्हटलं की लोकांना डायनोसॉरचे जीवाश्म आठवतात. ते वेगळे, त्यामानाने अगदी कालचे खडक. सोमनपल्लीचे इतके जुने की त्यात हाडं-शिंपले काही नाहीतच. जीवाश्म नाहीत, म्हणजे तारीख लावायला नेहमीचा आधारच नाही. वर्षानुवर्षं या खोऱ्यातली बरीच वयं 'हा थर त्या थरासारखा दिसतो' अशा तर्कावर उभी होती.

२०११ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जेम्स कॉनराड आणि जेम्स हाइन, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अस्रु चौधुरी, सरबनी पत्रनबिस-देब आणि आणखी काही जणांनी मिळून इथल्या ग्लॉकोनाइटची आर्गॉन-आर्गॉन वयं प्रसिद्ध केली. ग्लॉकोनाइट हाही अभ्रकाच्याच घरातला, पण लोहाने हिरवा झालेला. तो समुद्रतळाशी, जिथे गाळ अगदी सावकाश पडतो तिथेच जन्मतो. म्हणून तो थेट गाळ साचल्याची तारीख देऊ शकतो. 'देऊ शकतो' म्हणालो, कारण पुढे जे झालं ते बघा.

सोमनपल्लीच्या दाण्यांनी १६२ कोटी वर्षं सांगितली, ६० लाख इकडेतिकडे. ही 'क्रिएटेड' तारीख मानली गेली. याच खोऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात, तेलंगणाच्या बाजूला, पांडिकुंटा चुनखडकाने १६८ कोटी ६० लाख आणि रामगुंडम वालुकाश्माने १५६ कोटी ६० लाख. इथवर सगळं सुरळीत.

त्याच पश्चिम पट्ट्यात वरच्या बाजूच्या चांदा चुनखडकात मात्र दाण्यांमध्ये वारशाने आलेला आर्गॉन सापडला. म्हणजे आपला तो जुना फोटो. ग्लॉकोनाइट अनेकदा आधीच्या एखाद्या कणाला खात खात, त्याच्या जागी वाढतो. तो कण पुरता पचला नाही तर त्याचा जुना आर्गॉन आत राहतो. आकडा जसाच्या तसा घेतला असता तर खडक उगाच म्हातारा ठरला असता. अभ्यासकांनी आलेखाचा आकार बघून तो वारसा ओळखला आणि वय साधारण १२० कोटी धरलं, तेही 'आमचा अर्थ असा' असं म्हणून.

आणि तिसरी तारीख छत्तीसगडच्या खोऱ्यात, म्हणजे रायपूर-दुर्गकडच्या खडकांत. तिथल्या दोन थरांमधल्या ग्लॉकोनाइटचे आलेख विस्कटलेले निघाले, पठार नाहीच. दुसऱ्या कोणी 'नमुना खराब' म्हणून बाजूला ठेवला असता. यांनी तो विस्कटलेपणाच वाचला. साधारण ९६ ते १०० कोटी वर्षांपूर्वी त्या अख्ख्या परिसरात खडक तापले असावेत, असा निष्कर्ष निघाला. बाहेरून साधे, थरावर थर शांत पडलेले खडक, आणि आत तापाची नोंद. साधारण त्या काळात पूर्व घाटाच्या पट्ट्यात मोठी डोंगरबांधणी चालू होती. दोन्हींचं नातं जोडायचा मोह मला होतो, पण तेवढ्यावरून पक्कं म्हणता येणार नाही.

म्हणजे एकच खनिज, एकच पद्धत, आणि तीन ठिकाणी तीन वेगळ्या प्रकारच्या तारखा. एका ठिकाणी जन्म, एका ठिकाणी वारसा, एका ठिकाणी ताप. नुसते आकडे एका तक्त्यात टाकले असते तर तिन्ही सारखेच दिसले असते.

याने फरक किती पडला? या खडकांची वयं आधीच्या समजुतीपेक्षा २० ते ४० कोटी वर्षांनी मागे गेली. चाळीस कोटी हा काय आकडा आहे ते सांगतो. आजपासून चाळीस कोटी वर्षं मागे गेलात तर जमिनीवर चार पायांचा एकही प्राणी भेटणार नाही. एवढ्या फरकाने आपण तारीख चुकीची धरून चाललो होतो. आणि हे फक्त गडचिरोलीपुरतं नाही. त्या काळच्या समुद्रात प्राणवायू किती होता, हे जगभरचे संशोधक अशाच खडकांच्या रसायनावरून ठरवतात. 'अमुक कोटी वर्षांपूर्वी समुद्र असा होता' हे वाक्य खडकाच्या तारखेवर टांगलेलं असतं. तारीख सरकली की मोजमाप तेच राहतं, पण ती गोष्ट पृथ्वीच्या इतिहासातल्या वेगळ्याच पानावर जाते.

सोमनपल्लीच्या खडकांना घड्या पडलेल्या आहेत, ते दुमडलेत, दाबले गेलेत. गाळ साचला १६२ कोटी वर्षांपूर्वी, ठीक आहे. पण दुमडले कधी, तेव्हा किती तापले? त्यासाठी ग्लॉकोनाइट पुरणार नाही. तिथला शेल हळुवार फोडावा लागेल, दोन मायक्रॉनखालचा इलाइट ढीगढीग वेगळा करावा लागेल, क्यूबलरची रुंदी मोजावी लागेल आणि ती रेघ शून्यापर्यंत न्यावी लागेल. कोणी विदर्भातलं ऐकणारं भूगर्भशास्त्र शिकत असेल आणि पीएचडीला विषय शोधत असेल, तर सिरोंच्याची गाडी पकडा, आणि काय सापडतं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात.